बेथलेहेमचा तारा: इ. स. पू. 7 चं आकाश स्वतः तपासताना

येशूच्या जन्मावेळी दिसल्याचं बायबल सांगतं तो बेथलेहेमचा तारा. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत तो शोधणाऱ्यांची पहिली चूक सालातच होते. इ. स. पू. 7 चं आकाश हवं असेल तर -7 नव्हे, -6 टाकायचं. इतिहासाच्या गणनेत इ. स. पू. 1 नंतर लगेच इ. स. 1 येतं, खगोलगणितात मधे शून्य साल आहे. तारखा तिथे ज्युलियन पंचांगाच्या असतात, खालच्याही तशाच आहेत.

पण येशूचा जन्म इसवी सनाच्या आधी कसा? ही कालगणना सन 525 मध्ये डायोनिसियस एक्सिगुअस या संन्याशाने मांडली आणि तो काही वर्षं चुकला. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार जन्म ज्यूंचा राजा हेरोद याच्या हयातीत झाला. ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो की चंद्रग्रहणानंतर आणि ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या आधी हेरोद वारला. बहुतेक अभ्यासक हे ग्रहण म्हणजे इ. स. पू. 4 मधलं 13 मार्चचं खंडग्रास ग्रहण मानतात. हेरोदाने दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारायला सांगितले, हा मत्तयाचा तपशील धरला तर जन्म इ. स. पू. 7 ते 5 च्या आसपास येतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक मात्र जन्माच्या वेळी क्विरिनियस या रोमन सुभेदाराची खानेसुमारी चालू असल्याचं सांगतो; ती इ. स. 6 मधली, हेरोदाच्या मृत्यूनंतर तब्बल नऊ वर्षांनी. हा सांधा आजवर कुणाला नीट जुळवता आलेला नाही.

आता स्टेलॅरियममध्ये ठिकाण जेरुसलेम, तारीख 29 मे, वेळ पहाटेची. मीन राशीत गुरू आणि शनी एक अंशावर दिसतील. हात लांब करून करंगळी धरली की तिच्या जाडीएवढं अंतर. पुढे दोघेही वक्री झाले, सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा युती झाली आणि मार्गी झाल्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला तिसरी. गुरू-शनी युती दर 20 वर्षांनी होते, पण एका वर्षात तीनदा क्वचितच. 1603 मधली युती पाहून खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मागचं गणित केलं आणि याच वर्षाकडे लक्ष वेधलं.

इथे निराशा होते ती झगमगीत तारा शोधणाऱ्याची. एक अंश म्हणजे दोन पूर्णचंद्रांची रुंदी. दोन ग्रह मिळून एक ठिपका कधीच झाला नाही. 21 डिसेंबर 2020 ची युती याच्या दहापट जवळची होती. इ. स. पू. 7 ची बॅबिलोनी पंचांगं मातीच्या विटांवर सापडली आहेत. त्यांत दोन्ही ग्रह मीनेत असल्याची नोंद आहे, युतीचा मात्र वेगळा उल्लेखही नाही.

मत्तयाच्या कथेत बालकाला शोधत आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, म्हणतात की तारा ‘पूर्वेस’ दिसला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उदयाच्या वेळी’ असाही होतो. आपल्या पंचांगात ‘गुरूचा उदय’ छापतात तसा, म्हणजे सूर्यतेजात लोपलेला ग्रह पहाटे पुन्हा दिसणं. ज्योतिष जाणणाऱ्याच्या तोंडी हा अर्थ जास्त शोभतो.

धूमकेतूंचे दावेही आहेत. हॅलेचा धूमकेतू इ. स. पू. 12 मध्ये आला, म्हणजे फार लवकर. चिनी नोंदींत इ. स. पू. 5 मध्ये सत्तरहून अधिक दिवस दिसलेला पाहुणा आहे. तो काळाच्या चौकटीत बसतो. इ. स. पू. 2 मधली शुक्र-गुरू युती अप्रतिम होती, पण तोवर हेरोद जिवंत नव्हता.

‘तारा पुढे चालला आणि बालक होतं तिथे थांबला’ हे मत्तयाचं वाक्य मात्र आकाशातल्या कुठल्याच ग्रहताऱ्याला लागू पडत नाही. डिसेंबरातल्या त्या युतीच्या संध्याकाळी अंधार पडता पडता गुरू जेरुसलेमहून दक्षिणेला, बेथलेहेमच्याच दिशेला, सुमारे 50 अंश उंच होता. अंतर 9 किलोमीटर, चालायला दोन तास. तेवढ्यात आकाश 30 अंश फिरतं आणि गुरू पश्चिमेकडे सरकलेला असतो. घर दाखवणं दूरच.

म्हणून मला मत्तयाच्या काळाकडे पाहणं जास्त पटतं. ‘याकोबातून तारा उदय पावेल’ हे बायबलच्या जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकातलं बलाम या द्रष्ट्याचं भाकीत त्याच्या वाचकांना परिचयाचं होतं. इ. स. 66 मध्ये आर्मेनियाचा राजा तिरिदातेस पूर्वेकडून रोमला येऊन सम्राट नीरोपुढे नतमस्तक झाला. रोमन लेखक प्लिनी त्याला मागी म्हणतो, आणि तो आला त्या वाटेने परत गेला नाही, अशी नोंद इतिहासकार कॅसियस डिओने केली आहे. मत्तयाचे मागीही दुसऱ्याच वाटेने आपल्या देशी परततात.