मॅक्बेथची धास्ती आणि मॅक्बेथचा पश्चात्ताप

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत शेक्सपिअरचं 'मॅक्बेथ' हे नाटक शिकणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडतं: 'महत्त्वाकांक्षेपोटी मॅक्बेथ राजाचा खून करतो आणि मग अपराधी भावनेने त्याचं मन ढासळत जातं.' युवा महोत्सवासाठी त्याचं स्वगत बसवणारी मुलंही हेच धरून चालतात आणि पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत एकाच कण्हत्या सुरात बोलतात. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागात मात्र दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. मॅक्बेथला पश्चात्ताप होतो, अगदी खरा होतो. पण नाटकाच्या मधल्या सगळ्या भागात त्याला आतून पोखरते ती धास्ती. या दोन्हींना एकच नाव दिलं, की हा माणूस कळायचा राहून जातो.

गल्लत होते, कारण दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात. झोप उडते, नाही ते डोळ्यांसमोर उभं राहतं, चारचौघांत तोल जातो. आपल्याकडे पावसाळ्यात ताप भरला की मलेरिया की लेप्टो, हे नुसतं कपाळाला हात लावून कळत नाही. रक्त तपासावं लागतं. इथे तपासायला नाटकातले शब्द आहेत. पात्र कोणाचा विचार करतंय आणि त्याला पुढे काय व्हायला हवंय, एवढं प्रत्येक ठिकाणी पाहावं. पश्चात्ताप मेलेल्या माणसाकडे बघतो आणि झालेलं पुसून जावं म्हणतो. धास्ती जिवंत माणसाकडे बघते आणि आणखी एक काम उरकायला सांगते.

आधी खुनापूर्वीचं स्वगत घ्या. राजा डंकन पाहुणा म्हणून मॅक्बेथच्या गढीत उतरलाय, आत जेवण चाललंय आणि मॅक्बेथ बाहेर एकटा आहे. सुरुवातीला तो हिशेब मांडतो: आपण रक्तपाताचा धडा घालून दिला, तर तोच धडा आपल्यावर उलटेल. ही धास्ती झाली. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. डंकन माझा आप्त, मी त्याचा सरदार, वर आज त्याचा यजमान. मारेकऱ्याला दार लावून अडवायचं ते मी, आणि मीच सुरा धरायचा? राजाचा सौम्य स्वभाव त्याला आठवतो, तान्ह्या बाळासारखी करुणा वाऱ्यावर स्वार होऊन येताना दिसते. त्याची सदसद्विवेकबुद्धी युक्तिवादातून बोलत नाही, चित्रांतून बोलते. हवेत तरंगणारा खंजीरही त्याच घडणीच्या मनाला दिसतो. खून करण्याआधीच ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याला निर्ढावलेला कोण म्हणेल?

खुनानंतरची ती काही मिनिटं तर पश्चात्तापाचीच आहेत. शेजारच्या खोलीत कोणीतरी प्रार्थना पुटपुटतं आणि त्यावर 'आमेन' म्हणायला मॅक्बेथची जीभ उचलत नाही. पकडलं जाण्याची एवढी भीती असती, तर हातातले रक्ताळलेले खंजीर आधी लपवायला हवेत हे त्याला सुचलं असतं. तो ते तसेच घेऊन बाहेर येतो आणि परत आत जायला साफ नकार देतो, कारण आपण केलेलं पुन्हा बघायची हिंमत त्याच्यात नाही. दारावर थाप पडते तेव्हा तो म्हणतो, या आवाजाने डंकन जागा झाला तर किती बरं होईल. वर दिलेली कसोटी इथे लावून पाहा. विचार मेलेल्याचा आहे आणि मागणं झालेलं पुसण्याचं.

यानंतर राजमुकुट डोक्यावर येतो आणि सूर बदलतो. 'माझ्या मनात विंचूच विंचू भरलेत' ही त्याची ओळ अपराधी भावनेचा पुरावा म्हणून हजार ठिकाणी दिलेली असते. पण पुढचीच ओळ वाचा. विंचू का, तर ज्याच्या वंशाला राज्य मिळेल असं चेटकिणींनी सांगितलंय तो सरदार बँको आणि त्याचा मुलगा फ्लीअन्स अजून जिवंत आहेत म्हणून! या ओळींत डंकनचा पत्ताच नाही. त्याच प्रवेशात जरा आधी डंकन येतो, पण तो हेवा वाटावा असा: तो थडग्यात शांत झोपलाय, आता त्याला कोणी काही करू शकत नाही. आपण आत्मा विकला हेही मॅक्बेथ कबूल करतो, मात्र तक्रार वेगळीच असते. आत्मा विकला तो बँकोच्या वंशाला राज्य मिळावं म्हणून का? किंमत जास्त पडली, याचं हे दुःख आहे.

मेजवानीतला बँकोच्या भुताचा प्रवेश सगळ्यांत अवघड. तिथे ढोबळ उत्तर देऊ नये. भूत येण्याआधी मॅक्बेथनेच धाडलेला मारेकरी दाराशी येऊन सांगतो, बँको गेला पण फ्लीअन्स निसटला. त्यावर मॅक्बेथचा पहिला उद्गार हा, की आता माझा झटका परत येणार. म्हणजे झटक्याचं मूळ पळून गेलेल्या पोरात आहे. मग भूत दिसतं आणि तो ओरडतो, 'हे मी केलं असं तुला म्हणता येणार नाही.' हा बचाव आरोपीचा आहे, पश्चात्ताप झालेल्याचा नाही. तरीही रक्ताने माखलेलं ते डोकं त्याच्या आत जिवंत उरलेल्या काहीतरी भागातूनच आलंय, असं मला वाटतं. पाहुणे गेल्यावर मात्र तो लगेच मेजवानीला न आलेल्या सरदार मॅकडफचा विषय काढतो, प्रत्येक सरदाराच्या घरात आपला पगारी हेर आहे म्हणतो, आणि रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच जिकिरीचं, असं ठरवून टाकतो. रात्र धास्तीने जिंकलेली असते.

रात्रभर दशावतार बघत वाढलेल्या आपल्या लोकांना धास्तीचा राजा नवा नाही. कंस घ्या. आकाशवाणी होते, देवकीचा आठवा मुलगा तुझा काळ ठरेल. भागवताच्या दहाव्या स्कंधात म्हटलंय की बसता-उठता, जेवता-झोपता त्याला सगळं जग कृष्णमय दिसू लागलं. अजून जन्मालाही न आलेला शत्रू त्याला सगळीकडे दिसतो! याला कोणी पश्चात्ताप म्हणत नाही. त्याच स्कंधात पुढे कंस देवकी-वसुदेवाचे पाय धरून रडतो, क्षमा मागतो, त्यांच्या बेड्या काढतो. ते एका रात्रीपुरतं टिकतं. सकाळी मंत्र्यांशी मसलत होते आणि तान्ह्या मुलांना मारण्याचा बेत ठरतो. मॅक्बेथचाही प्रवास याच वळणाने मॅकडफच्या बायकामुलांच्या हत्येपर्यंत जातो. फरक एवढाच, की त्या हत्येपूर्वी त्याला खंजीर दिसत नाही, चेटकिणींनी दाखवलेल्या दृश्यांपलीकडे काहीच दिसत नाही. मनात येईल ते हाताने लगेच करायचं, असं तो आधीच ठरवून बसलाय. त्याच्या मनाची खरी पडझड मला इथे दिसते. भास थांबले, हेच वाईट.

त्याच्या बायकोचं, लेडी मॅक्बेथचं, उलट होतं. खुनाच्या रात्री थोडं पाणी लागलं की सगळं निघून जाईल म्हणणारी तीच. पण झोपलेला डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला म्हणून तिला स्वतःला वार करता आला नव्हता, हे त्याच रात्री ती बोलून गेलेली असते. पुढे ती झोपेत चालते, उशाशी सतत दिवा ठेवायला सांगते, पाव-पाव तास हात चोळून धुते. आणि बोलते काय? आपल्या सत्तेला जाब विचारणारा कोणी नाही, मग कोणाला कळलं तरी भ्यायचं कशाला? म्हणजे भीती नाही, हे ती स्वतःच सांगते, तरी डाग जात नाही. म्हाताऱ्यात एवढं रक्त असेल असं कोणाला वाटलं होतं. फाइफच्या सरदाराला, म्हणजे मॅकडफला, बायको होती, ती आता कुठे आहे? तिच्या तोंडी येतात ती सगळी मेलेली माणसं. म्हणूनच वैद्य म्हणतो, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज जास्त.

महाडला जन्मलेल्या 'काळ' साप्ताहिकाच्या कर्त्या शि. म. परांजप्यांनी या नाटकाचं 'मानाजीराव' केलं, कुसुमाग्रजांनी 'राजमुकुट'. मराठीतून ही भूमिका करायची म्हणणाऱ्या नटाने निदान दोन वेगळे श्वास तयार ठेवावेत, एक डंकनच्या खुनापर्यंतचा आणि एक नंतरचा. तिसराही लागेल, पाचव्या अंकात. तिथे बायकांचा आक्रोश ऐकून तो म्हणतो, भीतीची चव मी जवळजवळ विसरलोय. राणी गेल्याची बातमी येते तेव्हा रडायलाही त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. उद्या, उद्या आणि उद्या एवढंच तो बोलतो.

आणि तरी अखेरच्या लढाईत मॅकडफ समोर येतो तेव्हा मॅक्बेथ म्हणतो, सगळ्यांत तुलाच मी टाळत आलो, मागे फिर; तुझ्या माणसांच्या रक्ताचं ओझं माझ्या जिवावर आधीच खूप आहे. या क्षणी त्याला मॅकडफची भीती नाही. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही आपल्याला मारू शकत नाही, या चेटकिणींकडून मिळालेल्या भाकितावर तो अजून विसंबून आहे. मॅकडफ आईचं पोट फाडून काढलेला होता, हे त्याला काही ओळींनंतर कळतं, आणि मग 'मी तुझ्याशी लढणार नाही' हे शब्द येतात. पहिला नकार मेलेल्या बायकामुलांसाठी आहे, दुसरा स्वतःच्या जिवासाठी. नटाने या दोन नकारांच्या मध्ये पुरेसा वेळ घ्यावा.