संरक्षित क्षेत्रालगतची शेती (खान्देश)

अभयारण्य, संवर्धन राखीव किंवा कुरण यांच्या कडेला, जंगल, पाणी आणि वन्यजीव यांना धक्का न लावता केली जाणारी शेती. जळगाव आणि धुळे ही शहरे २००३ मध्ये महानगरपालिका झाली. शहरे वाढत आहेत तसा त्यांच्या भोवतालच्या जमिनीवर बिगरशेती प्लॉटचा दाब वाढतो आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याची शेती राखण्याचा प्रश्न खान्देशात त्यामुळे अधिक निकडीचा झाला आहे.

संरक्षित क्षेत्राभोवतीच्या ज्या पट्ट्यात काही कामांवर निर्बंध असतात, त्याला पर्यावरण संवेदनशील क्षेत्र (इको-सेन्सिटिव्ह झोन) म्हणतात. त्याला १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाचा आधार आहे. केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संरक्षित क्षेत्राभोवती १० किलोमीटरपर्यंतचा पट्टा असा घोषित करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सरसकट किमान एक किलोमीटरचे बंधन घातले आणि एप्रिल २०२३ मध्ये ते शिथिल केले. ‘झोन लागला म्हणजे शेती बंद’ हा समज चुकीचा आहे. अशा अधिसूचनांत बंदी असते ती खाणी, क्रशर, वीटभट्ट्या आणि प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर. स्थानिकांची चालू शेती व फळबागा सुरू राहतात, सेंद्रिय शेती आणि पावसाचे पाणी साठवण्याला तर उत्तेजनच असते. खरा अंकुश येतो तो शेतजमिनीचे रूपांतर प्लॉट व कारखान्यांत करण्यावर. जमीन विकून मोकळे होऊ पाहणाऱ्याला हे जाचक वाटेल, पण कसणाऱ्याला त्यात संरक्षणच आहे.

रावेर-यावलचा केळीपट्टा हे संरक्षित क्षेत्रालगतच्या शेतीचे सर्वांत ठळक उदाहरण. त्याच्या उत्तरेला १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आहे. सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी सातपुड्यातून आणलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर पायथ्याशी साचला आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावर झाडे असतील तर पावसाचे पाणी थोपते, सावकाश उतरते आणि या थरात मुरते. उतार उघडा पडला की तेच पाणी गढूळ लोंढा होऊन तापीकडे निघून जाते. म्हणजे पाड्यांवरच्या तडवी, पावरा या आदिवासी कुटुंबांनी राखलेले झाड खालच्या केळीच्या विहिरीला पाणी देते. बेसुमार उपशाने ही विहीर खोल गेली आणि तिच्या जागी कूपनलिका आली. ठिबक सिंचन या पट्ट्यात चांगले रुजले आहे. मात्र ठिबकने वाचलेले पाणी आणखी केळी लावण्यात गेले, तर भूजलाच्या पदरात काहीच पडत नाही.

मुक्ताईनगर तालुक्यात केळीची बाग स्वतःच वन्यजीवांचा आसरा बनली आहे. वढोदा-डोलारखेडा भागात मेळघाट आणि यावल यांना जोडणाऱ्या वाटेवर वाघांचा वावर आहे. बागेतला दाट गारवा त्यांना मानवतो आणि रानडुकरे तिथे भक्ष्य म्हणून मिळतात. येथील मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव याच वाटेसाठी महत्त्वाचे आहे. पण शेतीपंपाची वीज रात्री आली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन त्याच बागेत उतरावे लागते. अशा गावांना दिवसा वीज देणे हे वाघाच्या आणि माणसाच्या, दोघांच्याही जिवाचे काम आहे.

साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. ओढ्यांना पाणी टिकले, भातशेती सुधारली. रानभाज्यांच्या स्पर्धेमुळे आजीच्या हातची पाककृती नातवापर्यंत पोहोचली. या कामाचे सूत्रधार चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पाण्याच्या वाटपाचा धडा मात्र त्याहून जुना आहे. पांझरा व मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि भिजणाऱ्या जमिनीचे, म्हणजे थळाचे, फड (भाग) पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. पाटकरी पाणी देतो, जागल्या पिकाची राखण करतो. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो. त्यामुळे टंचाईच्या वर्षी एकच फड भिजवायचा ठरला, तरी थळातल्या बहुतेक घरांचे थोडे का होईना पीक हाती येते. वरच्या अंगाला झालेली धरणे, वाळूउपसा आणि विहिरींमुळे बरेच फड मोडले. जे उरले तिथे आजही पाळीने पाणी फिरते.