कणसंख्या-वितरण (उच्च-ऊर्जा टकरींतील)

दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने आदळले की त्यांच्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात, बहुतेक पायॉन नावाचे हलके कण. ऊर्जा तीच आणि आदळणारे कणही तेच, तरी एका टकरीतून आठ विद्युतभारित कण निघतात, दुसरीतून साठ. किती टकरींत किती कण निघाले, याची मांडणी म्हणजे कणसंख्या-वितरण. मोजणी सहसा भारित कणांचीच होते, कारण शोधकात त्यांचाच माग उमटतो. एकूण विद्युतभार कायम राहत असल्याने दोन प्रोटॉनांच्या टकरीतून निघणारे सगळे भारित कण मोजले, तर त्यांची संख्या समच येते.

कण सुटेसुटे, एकमेकांशी संबंध न ठेवता जन्मले असते, तर वितरण प्वासाँ प्रकारचे आले असते. त्यात प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) सरासरीइतकेच असते. कण स्वतंत्रपणे जन्मतात का, हा प्रश्न वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) अभ्यासाच्या काळापासूनचा आहे. होमी भाभा आणि हाइटलर यांनी 1937 मध्ये इलेक्ट्रॉन-वर्षावांसाठी (एका कणापासून साखळीने उपजणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी) प्वासाँ वितरण धरले होते. कण कणालाच जन्म देतो, म्हणून चढउतार त्याहून बरेच मोठे असले पाहिजेत, हे फरी यांनी त्याच वर्षी दाखवले.

सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील यूए5 प्रयोगात प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींचे माग स्ट्रीमर चेंबर या शोधकात टिपले गेले. सुमारे 540 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला सरासरी 29च्या आसपास भारित कण निघत. प्वासाँप्रमाणे प्रमाण विचलन (प्रचरणाचे वर्गमूळ, म्हणजेच वितरणाची रुंदी) साडेपाचच्या आत हवे होते. ते जवळजवळ तिप्पट भरले. माझ्या मते या विषयाचे मर्म याच रुंदीत आहे. सरासरीवरून कण किती ते कळते, पण ते कसे जन्मले हे रुंदीवरूनच उमगते.

कोबा, नील्सन आणि ओलेसन यांनी 1972 मध्ये मांडले होते की ऊर्जा खूप वाढली की कणसंख्येला सरासरीने भागून काढलेला आलेख प्रत्येक ऊर्जेला एकच येईल. यूए5च्या मोजमापांत हा नियम मोडला. त्याऐवजी ऋण द्विपद वितरण चांगले जुळले. त्यात प्रचरण म्हणजे सरासरी, अधिक सरासरीचा वर्ग भागिले एक प्राचल (मोजमापांशी जुळवून ठरवलेला आकडा). ऊर्जा वाढेल तसे हे प्राचल घटते आणि आलेख पसरत जातो. जोव्हानिनी आणि व्हॅन होव्ह यांनी 1986 मध्ये याचा अर्थ ‘कुळां’च्या भाषेत लावला: कुळे प्वासाँ नियमाने स्वतंत्रपणे उगवतात आणि प्रत्येक कुळातले कण एकाच पूर्वजाचे वंशज असतात. कल्पना सुरेख आहे, पण ती वर्णन करते. मूळ सिद्धांतातून निघालेली नाही.

900 जीईव्हीला ऋण द्विपद वितरणही पुरेना. आलेखाच्या उतारावर खांद्यासारखा फुगवटा आला, आणि तो जुळवायला दोन ऋण द्विपद वितरणांची बेरीज घ्यावी लागली: एक सौम्य टकरींचे, दुसरे जोरकस टकरींचे. ही जुळणी करणाऱ्यांपैकी क्रिस्टर फ्युगलसांग पुढे स्वीडनचे पहिले अंतराळवीर झाले.

लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर 2010 मध्ये 7 टीईव्हीच्या (7000 जीईव्हीच्या) टकरी सुरू झाल्या. सीएमएस प्रयोगाला आढळले की टकरीच्या अगदी मधल्या अरुंद पट्ट्यातले कण मोजले तर 1972चा नियम अजूनही टिकतो. पट्टा रुंद केला की तो ठळकपणे मोडतो. एकाच टकरीत प्रोटॉनांचे घटक असलेल्या क्वार्क-ग्लुऑनांच्या अनेक जोड्या आपसांत भिडतात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते.