नंबर घालवण्याआधी: डोळ्यांच्या लेझरची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात डोंबिवलीची माझी भाची दादरला डोळे तपासायला गेली, तेव्हा मी तिच्यासोबत होते. वय २४, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एका हाताने चष्मा सांभाळत चढायचं, पावसात काचा पुसायला ओढणीचं कोरडं टोक शोधायचं, आणि घरात स्थळं बघायला लागल्यापासून ‘तेवढा चष्मा घालवून टाक’ हे रोज ऐकायचं. तिने विचारलं, “मावशी, करू का लेझर?” त्या दिवशी तिच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांतल्या बहुतेकींमागे कुणाचा तरी बिघडलेला डोळा आहे. म्हणून आधी तिला हा इतिहास सांगितला.

बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया. डोळ्यात शिरणारा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एकवटण्याचं जवळपास दोन तृतीयांश काम तोच करतो. मायनस नंबर असेल तर त्याची वक्रता थोडी सपाट केली की नंबर उतरतो. ही कल्पना जुनी आहे. जपानच्या त्सुतोमू सातो यांनी १९३०-४०च्या दशकांत कॉर्नियाला आतल्या बाजूनेही छेद देऊन पाहिले. नंबर उतरले. पण आतल्या थरातल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि कॉर्नियातलं पाणी बाहेर काढत राहून तो स्वच्छ ठेवायचं काम त्याच पेशींचं, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. साधारण वीस वर्षांनी त्या रुग्णांचे कॉर्निया सुजून पांढुरके व्हायला लागले.

सत्तरच्या दशकात मॉस्कोत श्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद द्यायला सुरुवात केली. ही शस्त्रक्रिया पुढे भारतातही आली. गिरगावात आमच्या शेजारच्या काकांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती करून घेतली होती. चष्मा गेला म्हणून चाळीत पेढे वाटलेले मला आठवतात. पण रात्री मरीन ड्राइव्हवरचे दिवे त्यांना काटेरी, फुटलेले दिसायचे आणि पुढे हळूहळू प्लस नंबर लागला. हे त्यांच्या एकट्याच्या बाबतीत घडलं नव्हतं. अमेरिकेत अशा रुग्णांची दहा वर्षं नोंद ठेवली गेली. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसकडे एक किंवा त्याहून जास्त सरकलेला होता. छेदांनी कॉर्निया कायमचा कमकुवत झाला होता.

लेझर आला तो वेगळ्याच वाटेने. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ एक्सायमर लेझरवर काम करत होते. २७ नोव्हेंबर १९८१ला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरी उरलेल्या टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत आणून त्यावर लेझर मारला. १९३ नॅनोमीटरच्या त्या अतिनील किरणांनी आजूबाजूला काहीही न जळता सुबक खाच पडली. हे किरण जिथे पडतात तिथल्या रेणूंमधले रासायनिक बंधच तोडतात, त्यामुळे शेजारच्या भागाला उष्णता लागत नाही. १९८३ साली डोळ्यांचे डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत त्यांनी हे कॉर्नियावर करता येतं असा शोधनिबंध लिहिला. आज मुंबईत गल्लोगल्ली ‘लेझर’च्या पाट्या दिसतात, त्यांच्या मुळाशी मद्रासमध्ये शिकलेला हा माणूस आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आधी लेझर थेट पृष्ठभागावर मारत. जखम भरेपर्यंत काही दिवस दुखायचं. मग ग्रीसमधल्या क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी वरचा पातळ पापुद्रा उचलून आत लेझर मारायचा आणि पापुद्रा परत बसवायचा, अशी पद्धत रूढ केली. तीच लॅसिक. पुढे पापुद्रा ब्लेडऐवजी फेम्टोसेकंद लेझरने कापायला लागले, आणि नंतर पापुद्रा न उचलता बारीक छेदातून आतली चकती ओढून काढायची स्माइल पद्धत आली.

पण कॉर्निया किती उरेल याचा हिशोब पद्धतीच्या नावाने बदलत नाही. कॉर्नियाची मधली जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लॅसिकच्या पापुद्र्यात सुमारे ११० जातात. एक नंबर उतरवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन झिजवावे लागतात. खाली किमान २५० उरले पाहिजेत, आणि सावध डॉक्टर ३०० धरतात. ज्याचा कॉर्निया ४९० आणि नंबर नऊ, त्याने वजाबाकी करून पाहावी. १९९८ साली जर्मनीच्या थिओ झायलर यांनी लॅसिकनंतर कॉर्निया पुढे फुगत गेलेल्या रुग्णांची नोंद केली. तेव्हापासून जाडीसोबत कॉर्नियाचा आकारही काटेकोरपणे बघणं अटळ झालं.

भाचीने हनुवटी टेकवली, समोर प्रकाशाची वर्तुळं उमटली आणि पडद्यावर तिच्या कॉर्नियाचा रंगीत नकाशा आला. उजवा डोळा हिरवा, समतोल. डाव्याच्या खालच्या भागात नारिंगी ठिपका, म्हणजे तिथे कॉर्नियाची वक्रता जास्त. डॉक्टरांनी विचारलं, “डोळे चोळतेस का?” हो, धुळीने खाज येते म्हणून लहानपणापासून चोळते. सतत चोळल्यानेही कॉर्निया कमकुवत होऊन फुगू शकतो. शिवाय ती आदल्या दिवसापर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होती. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असू शकतो, म्हणून मोजणीआधी सॉफ्ट लेन्ससुद्धा निदान आठवडा-दोन आठवडे बंद ठेवावी लागते. हे अपॉइंटमेंट देताना तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग आला, कारण चुकीच्या मोजणीवर योग्य निर्णय होऊच शकत नाही.

आणखी दोन गोष्टी मी तिला सांगितल्या. एक, लेझर केलं तरी चाळिशी चुकत नाही. ती डोळ्याच्या आतली नैसर्गिक लेन्स ताठर झाल्याने लागते, कॉर्नियाशी तिचा संबंध नाही. आज तिची आई वाचताना चष्मा काढते आणि तिला स्वच्छ दिसतं. नंबर घालवलेल्या बाईला त्या वयात वाचायला चष्मा लावावा लागतो. दुसरी गोष्ट तिच्या धाकट्या भावासाठी, कारण तो रेल्वे भरतीची तयारी करतोय. लोको पायलटसारख्या पदांसाठी लॅसिक झालेले उमेदवार रेल्वे अपात्र ठरवते. क्लासमधल्या मुलांचं ऐकून घाईने नंबर घालवला तर ती वाट कायमची बंद होते.

स्थळांसाठी मात्र करू नकोस, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. लोकलसाठी, पावसासाठी, पोहण्यासाठी कर. निरोगी डोळ्याला कायमचा हात लावायचा तर कारण स्वतःचं हवं.

सध्या लेन्स बंद आहेत, खाजेसाठी थेंब चालू आहेत, आणि डाव्या डोळ्याचा नकाशा सहा महिन्यांनी पुन्हा काढायचा आहे. रिपोर्टची फाइल तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. लेझर केलं तर पुढे म्हातारपणी मोतिबिंदूच्या वेळी आत बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर काढायला हेच जुने आकडे कामी येतील, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं होतं.