दूरध्वनी-आधार, नैराश्यातील (ग्रामीण विदर्भ)

नैराश्य असलेल्या प्रौढ व्यक्तीला स्वतःची काळजी स्वतः घेता यावी, म्हणून प्रशिक्षित व्यक्तीने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन करून दिलेली साथ. हेल्पलाइनला त्रासलेला माणूस स्वतः फोन लावतो. येथे फोन समोरून येतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. नैराश्यात सर्वांत आधी जाते ती पुढाकार घेण्याची ताकद. मोबाइल उशाशी असतो, क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो, पण तो लावायला हात उचलत नाही. त्यामुळे हा फरक लहान वाटला तरी साऱ्या पद्धतीचा प्राण तोच आहे.

सौम्य व मध्यम नैराश्यात ही पद्धत विशेष उपयोगी पडते. रुग्णाला सोप्या भाषेतली पुस्तिका किंवा ध्वनिमुद्रित माहिती दिली जाते आणि फोनवर तिचा पाठपुरावा होतो. पुस्तिका नुसती हातात ठेवण्यापेक्षा जोडीला विचारपूस करणारे माणूस असले की गुण अधिक येतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. फोन करणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञच हवी असे नाही. मात्र तिच्यावर तज्ज्ञाची देखरेख हवी. ती औषध लिहून देत नाही. गोळ्या चालू आहेत का, हे मात्र दर वेळी विचारते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात आणि नेमक्या त्याच काळात ‘काही फरक नाही पडला’ म्हणून त्या सुटतात. पुढे बरे वाटले की ‘आता कशाला’ म्हणून परस्पर बंद होतात, तेही तितकेच घातक.

स्थिती मोजायला ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली वापरतात. मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, एकूण गुण शून्य ते २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की तपासणी हवीच. नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तो घाईत किंवा कुजबुजत विचारू नये. विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे.

बोलण्याचा गाभा बहुधा एका लहान कामाभोवती फिरतो. मन लागले की काम करू, असे माणूस म्हणतो; ही पद्धत काम आधी धरते. फोनवरचे बोलणे साधारण असे चालते : ‘भाऊ, सकाळी धुऱ्यापर्यंत चक्कर मारायचं ठरलं होतं. जमलं का?’ – ‘दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी उठावंसंच नाही वाटलं.’ – ‘दोन दिवस गेलात ना. त्या दिवशी आल्यावर जेवण गेलं का?’ येथे शाबासकी नाही, रागावणेही नाही. गेलेल्या दोन दिवसांकडे माणसाचे लक्ष वळवायचे, कारण त्याला स्वतःला फक्त तिसरा दिवस दिसत असतो.

‘नैराश्य’ हा शब्द वऱ्हाडातल्या गावात क्वचितच कानी पडतो. लोक सांगतात ते असे : मन लागत नाही, काही सुचत नाही, डोकं भणभणते, टेन्शन आहे, झोप नाही. ऐकणाऱ्याने याच शब्दांत बोलावे. वेळही शेतीची पाहावी लागते. डवरणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दुपारी कोणी सापडत नाही. संध्याकाळी घर भरलेले असते. अनेक बायांकडचा मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. म्हणून पहिला प्रश्न तब्येतीचा नसतोच. ‘ताई, आत्ता बोलता येईल का? जवळ कोणी आहे का?’ असा असतो. कोणी असेल तर ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असेच विचारावे, नाहीतर वेळ बदलावी. तालुक्याच्या गावी ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे जाताना कोणी पाहील ही धास्ती फोनने टळते, पण मातीच्या भिंतीपलीकडे आवाज जातोच.

विदर्भात या कामाला पूर्वपीठिका आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेच्या ‘विश्राम’ प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष भेटींतून काम केले; नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

तीव्र नैराश्य, भास किंवा आत्महत्येचा ठरलेला बेत असेल तर फोनवर थांबून चालत नाही. अशा वेळी घरच्यांना विश्वासात घेऊन फवारणीचे औषध कुलुपात किंवा घराबाहेर ठेवायला सांगणे आणि रुग्णाला एकटे न सोडता दवाखान्यात पोचवणे, ही कामे आधी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. मेळघाटात अनेक ठिकाणी रेंज नसते, तेथे कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारा माणूस लागतो. कर्ज आणि पावसाचा खंड फोनने मिटत नाही. बँकेत जायचे तर कोणता कागद सोबत घ्यायचा, कोणासोबत जायचे, एवढे मात्र फोनवर ठरवता येते.

आधार संपवताना फोनमधले अंतर आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर नेतात. शेवटच्या फोनवर रुग्णाकडून त्याच्या स्वतःच्या खुणा लिहून घेतात : लागोपाठ तीन रात्री झोप नाही, चहाच्या टपरीवर जाणे टाळले, बैलांना पाणी दाखवायचे राहिले. त्याखाली कोणाला फोन करायचा तो क्रमांक. कागद कुठे ठेवला आहे, हे घरातल्या निदान एकाला माहीत असावे लागते.