मधोमध बसलेला गोळा आणि नाकावरचा धागा

बैलगाडीचा डावा बैल अचानक थांबला आणि उजवा ओढतच राहिला, तर गाडी डावीकडे वळते. दोन इंजिनांच्या विमानाचं डावं इंजिन बंद पडलं की तसंच होतं. वैमानिक उजवं पेडल दाबतो, शेपटीवरचं रडर, म्हणजे उभी हलती फळी, वळतं आणि नाक पुन्हा सरळ येतं. इथवर सोपं आहे.

गोम पुढे आहे. रडर नाक उजवीकडे आणतं ते शेपटीला डावीकडे ढकलून. त्या रेट्याने अख्खं विमान डावीकडे घसरू लागतं आणि हवा डाव्या कुशीवर तिरकी आदळते. हा मारा रडरचा रेटा भागवून टाकतो. बाजूच्या जोरांची बेरीज शून्य झाली, म्हणून वैमानिकासमोरच्या तोल दाखवणाऱ्या वाकड्या काचनळीतला गोळा मधोमध बसतो. पंख समतल, गोळा मध्यावर, आणि विमान मात्र खेकड्यासारखं तिरकं चाललेलं! गोळ्याचा यात दोष नाही. हवा कुठून येते हे त्याला कळतच नाही. ते कळतं नाकावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्याला.

उपाय म्हणजे चालू इंजिनाकडे दोन-तीन अंश कलायचं. मग वजनाचाच थोडा हिस्सा रडरचा रेटा पेलतो, धागा सरळ होतो आणि गोळा मध्यापासून जरा सरकलेला राहतो. तो तसाच राहू द्यायचा.

एवढ्याशा तिरकेपणाची पर्वा का? विमान वर चढतं ते समतल उडून उरलेल्या शक्तीवर. छोट्या विमानात निम्मी शक्ती गेली, तर चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. तिरक्या हवेचा अडथळा उरलेलंही खातो. शिवाय रडरचा जोर वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असतो. वेग २० टक्के कमी झाला की जोर ३६ टक्के घटतो. वेगमापकावरची लाल रेघ सांगते की याखाली रडर पुरणार नाही. पण ती रेघ ठरवताना चालू इंजिनाकडे ५ अंशांपर्यंत कलण्याची मुभा असते. पंख समतल ठेवणाऱ्याचा ताबा रेघेच्या वरच सुटू शकतो.

आणि मुळात बंद कोणतं पडलं? ज्या पायाला काम उरलं नाही, त्या बाजूचं. तरीही आधी त्याचा थ्रॉटल, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, हळूच मागे घेऊन बघतात. पेडलवरचा जोर बदलला नाही, तरच ते पूर्ण बंद करायचं. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून उडालेल्या तैवानच्या ट्रान्सएशिया कंपनीच्या दोन इंजिनांच्या एटीआर ७२ विमानाच्या उजव्या इंजिनाची ताकद गेली. वैमानिकाने मागे ओढला तो डावा थ्रॉटल. विमान कीलुंग नदीत कोसळलं. ५८ पैकी ४३ जण गेले.