‘थ्रीजी’ इथेनॉल : एका नावाचा घोळ कुठून आला

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशात तयार झालेलं जैवइंधन मिसळलेलं होतं. प्रमाण एखाद्या टक्क्याचंच, पण त्याची सुरुवात उसाच्या मोलॅसिसपासून झालेली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये ऑर्लँडोहून लंडनला उडालेल्या विमानातही अल्कोहोलपासून बनवलेलं इंधन होतं. मात्र ते अल्कोहोल पोलाद कारखान्याच्या टाकाऊ वायूवर जगणाऱ्या जिवाणूंनी केलं होतं. दोन्ही बातम्यांत भाषा एकच होती: हरित, पर्यावरणपूरक. इथेनॉल म्हटलं की पुणे जिल्ह्यात ऊसच डोळ्यांसमोर येतो, आणि टाकाऊ वायूच्या इथेनॉलला आता ‘थ्रीजी’, म्हणजे तिसऱ्या पिढीचं, म्हणू लागलेत; म्हणून हा फरक इथल्या वाचकाने तरी नीट समजून घ्यायला हवा.

अशा जिवाणूंचं खाद्य म्हणजे सिनगॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण. तो आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मागे कोळशाची भट्टी लावलेल्या मोटारी रस्त्यावर धावत, त्या याच जातीच्या वायूवर. जर्मनीत १९२५ च्या सुमारास धातूच्या उत्प्रेरकावरून हा वायू नेऊन त्यातून द्रव इंधन करण्याची रीत सापडली. जिवाणूंकडून तेच काम करून घेता येईल याची पहिली खूण १९३६ ची. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन ॲसेटिक आम्ल करणारा एक जिवाणू तेव्हा हॉलंडमध्ये सापडला. पुढे तो हरवला, आणि जपून ठेवलेल्या जुन्या बीजाणूंतून कित्येक दशकांनी पुन्हा जिवंत केला गेला.

खरी गोष्ट मात्र १९८७ पासूनची. अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यात कोंबड्यांच्या खुराड्यातल्या घाणीतून असा जिवाणू मिळाला जो सिनगॅसपासून थेट इथेनॉल करत होता. १९९४ मध्ये बेल्जियममधून त्याच्या एका भावंडाची नोंद झाली, तो सशाच्या लेंड्यांतला. आज मोठ्या प्रमाणावर चाललेलं काम या दुसऱ्या जिवाणूच्या वंशावर उभं आहे.

प्रयोगशाळेतून कारखान्यात यायला त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं लागली. अडचण पाण्यात होती. मोलॅसिसमधली साखर पाण्यात हवी तेवढी विरघळते, यीस्टला ती बसल्या जागी मिळते. कार्बन मोनॉक्साइड मात्र २५ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम २८ मिलिग्रॅम विरघळतो, हायड्रोजन तर दीड मिलिग्रॅमच्या आसपास. टाकीत वायू खच्चून भरलेला आणि जिवाणू उपाशी, अशी गत होते. म्हणून या टाक्या उंच असतात, वायू खालून बारीक बुडबुड्यांच्या रूपात सोडतात आणि दाब वाढवतात. दौंड-बारामतीच्या वाटेवर डिस्टिलरी जवळ आली की आंबूस वासावरूनच कळतं. वायूच्या कारखान्यात कच्च्या मालाला वासच नाही आणि तो विषारी, त्यामुळे कामगाराच्या खिशाला गळती ओळखणारं छोटं यंत्र अडकवलेलं असतं.

फ्लोरिडात व्हेरो बीचला वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर क्षमतेचा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला. झाडपाला आणि लाकडाचा कचरा भट्टीत टाकून त्याचा वायू करायचा, तो जिवाणूंना द्यायचा, अशी योजना. पण वनस्पतीत नायट्रोजन असतो आणि भट्टीत त्याचं थोडं हायड्रोजन सायनाइड होतं. त्या थोड्यानेच जिवाणू गारद झाले. वायू धुण्याची यंत्रणा नंतर बसवली, तरी कारखाना काही तग धरू शकला नाही. या अपयशाने पुढची दिशा ठरवली असं मला वाटतं. कचऱ्याच्या भट्टीची कटकट नको, वायू आयता जिथे मिळतो तिथे जा. २०१८ मध्ये चीनमध्ये पोलाद कारखान्याला जोडून पहिला व्यापारी प्रकल्प उभा राहिला, नंतर बेल्जियममध्ये गेंटला. आपल्याकडे पाणिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन विभागातून निघणाऱ्या वायूवर दिवसाला १२८ हजार लिटरचा प्रकल्प आला. त्याच शहरात भाताच्या पेंढ्यापासूनचा, दिवसाला १०० हजार लिटरचा टूजी, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, प्रकल्प आहे. मग वायूवाल्याला ‘थ्रीजी’ म्हणायला लागले.

इथे गाठ बसली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात ‘थ्रीजी’ हा शब्द शेवाळापासूनच्या इंधनासाठी आला आहे. मूळ व्याख्येनुसार जैवइंधन नूतनीकरणक्षम स्रोतातून यायला हवं. पण ‘प्रगत’ जैवइंधनाच्या व्याख्येत औद्योगिक टाकाऊ प्रवाहांनाही जागा दिली आहे, आणि त्या दारातून खनिज तेलाचा कार्बन आत येतो. म्हणजे ‘जैव’ कशाला म्हणायचं? कच्च्या मालाला, की राबणाऱ्या जिवाणूला? गोबरगॅसमध्ये दोन्ही जैव असतात, म्हणून हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नव्हता. युरोपने २०१८ च्याच कायद्यात अशा इंधनाला ‘पुनर्वापरित कार्बन इंधन’ असं वेगळं नाव दिलं. माझ्या मते तेच प्रामाणिक आहे.

दुसरी बाजूही वजनदार आहे. हा वायू नाही तरी जाळलाच जातो, मग त्यातून आणखी एक काम करून घेतलं तर बिघडलं कुठे? पण जाळून त्यावर वीज किंवा उष्णता मिळत असेल, तर ती आता दुसरीकडून आणावी लागते. शिवाय हिशेब पाहा: निव्वळ कार्बन मोनॉक्साइडवर जिवाणू वाढवले, तर सहा रेणूंमागे इथेनॉलचा एक रेणू मिळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे चार बाहेर पडतात. हायड्रोजन भरपूर असेल तर चित्र बरंच सुधारतं. म्हणून प्रत्येक कारखान्याचा वायू वेगळा तपासायला हवा, एका शब्दात सगळे बांधून चालणार नाही.

साखर पट्ट्यासाठी हे दूरचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी उठले. त्या मधल्या काळात एकाच कच्च्या मालावर विसंबण्याची किंमत कारखान्यांना कळली. उसाच्या चिपाडाचा वायू करून तो आंबवला तर ते निर्विवाद जैवइंधन ठरेल. पण त्यातलं डांबर आणि सायनाइड आधी काढावं लागेल, आणि तेच चिपाड आज बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देतं.

उसाचं इथेनॉल आणि शुद्धीकरण कारखान्याचं इथेनॉल शेजारी दोन बाटल्यांत ठेवलं, तर वासाने, घनतेने, जळण्याने काही फरक कळणार नाही. फरक दाखवते ती कार्बन-१४ ची चाचणी. उसाने तो कार्बन नुकताच हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे त्यात तो किरणोत्सारी अंश मिळतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या तेलात तो उरलेला नसतो. ही चाचणी उपलब्ध आहे, रुळलेली आहे. तिचा आकडा प्रकल्पांनी जाहीर करावा, आणि तोवर मराठी बातम्यांनी ‘थ्रीजी’ऐवजी सरळ ‘टाकाऊ वायूचं इथेनॉल’ असं लिहावं.